मेफ्लाय बघताय? मग या चुका टाळा

पावसाळा लागला की ठाण्याच्या येऊरच्या जंगलातल्या ओढ्यांवरचे मेफ्लायचे (पाण्यात वाढणारा, लांब शेपट्यांचा नाजूक कीटक) फोटो आमच्या कीटकांच्या ग्रुपवर पडायला लागतात आणि दरवर्षी तोच प्रश्न, "ही दुसरी कुठली जात?" अरे बाबा, तीच आहे ती!

ही चूक मी पण केलीये म्हणून एवढं बोलतोय. ठाण्यात उपवन तलावाजवळ राहायचो तेव्हा एकदा रात्री बाल्कनीच्या ट्यूबखाली मेफ्लाय बसलेली, पंख धुरकट, अंग मळकट. फोटो काढला, वहीत लिहिलं, झोपलो. सकाळी वीतभर अंतरावर दुसरी, पंख काचेसारखे, अंग चकचकीत, शेपट्या चांगल्या लांब. एका रात्रीत दोन जाती म्हणून मी खुश, ग्रुपवर टाकून मोकळा. एका काकांनी एवढंच विचारलं, "रात्रीच्या जागेवर काय उरलंय?" बघतो तर पांढरी पातळ कात, पंखांच्या सालीसकट. वहीतलं ते पान अजून तसंच ठेवलंय.

धुरकट ती सबइमॅगो, म्हणजे पंख आलेत पण अजून एक कात बाकी, आणि चकचकीत ती इमॅगो, म्हणजे पूर्ण वाढलेली. उडता येणारे पंख आल्यावर परत कात टाकणारा आज जिवंत असलेला हा एकच कीटकगट, फुलपाखरू नाही, चतुर नाही. मी भिंगातून पंखाची कड बघतो, बारीक केसांची झालर दिसली की बहुतेक वेळा सबइमॅगो. रंगावरून नाव सांगणाऱ्या ॲपवर माझा काडीचा विश्वास नाही.

दुसरी चूक म्हणजे डबी. कात बघायची घाई, म्हणून सबइमॅगो प्लॅस्टिकच्या डबीत घालून झाकण गच्च, वर दर दहा मिनिटांनी हलवून बघायचं, मग आत पाणी सुटतं, पंख चिकटतात आणि ती अर्ध्या कातीत अडकून मरते. बसलीये तिथेच बसू दे ना! बहुतेकींना रात्रभर लागते, केनिस गटातल्यासारख्या चिमुकल्या मेफ्लाय मात्र काही मिनिटांत उरकतात. एवढा दम नसेल तर हा नाद तुमचा नाही. आणि येऊर नॅशनल पार्कात येतं, तिथून काही उचलून आणायचं नाही.

पहिल्या पावसात दिव्याभोवती घोंगावते ती बहुतेक वेळा वाळवी, तिला शेपट्या नसतात.

साखरपाणी ठेवू नका, पंखवाल्या मेफ्लायला खाताच येत नाही, तोंड नावापुरतं.

"एकच दिवस जगते" हे पण सरसकट लिहू नका, क्लोऑन डिप्टेरम नावाच्या मेफ्लायची मादी दोनेक आठवडे काढते. तिला मागचे पंखच नसतात, त्यामुळे "पंख तुटलेली मेफ्लाय" म्हणून तिचा फोटो मला पाठवू नका, गेल्या पावसात तीन आले.