साथ आली की चाळीतल्या माणसांना नियम पटवायचे कसे

2020 च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या साथीत, मुंबईतली करी रोडची आमची चाळ सील झाली तेव्हा मी चाळीच्या कमिटीत होतो. पहिले आठ दिवस आम्ही नुसत्या नोटिसा चिकटवल्या, ग्रुपवर फॉरवर्ड टाकले, वर दमही दिला. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकांनी चार दिवस ताप लपवला. बरे होऊन आल्यावर मी विचारलं तर म्हणाले, "अरे नेणार कुठे आणि सोडणार कधी, एवढं तरी कोणी सांगितलं का?"

म्हणून पुढच्या वेळी सुरुवात इथूनच करा. नियम सांगायच्या आधी घरोघरी जाऊन विचारा की भीती कसली वाटते. आजाराची भीती फार कमी लोक सांगतात हो, बाकी सगळं वेगळंच निघतं. मागे आई एकटी राहील तिला डबा कोण देणार, चार्जर नेता येईल का, मालकाने कामावरून काढलं तर काय, बाजूचे परत नळावर पाणी भरू देतील का. हे प्रश्न वहीत लिहा, वॉर्ड ऑफिसला किंवा पालिकेच्या 1916 या हेल्पलाइनला फोन करून जेवढी उत्तरं मिळतील तेवढी मिळवा आणि जिन्याखालच्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरात लिहा, तारखेसकट. उत्तर नसेल तर "अजून कळलं नाही, संध्याकाळी सातला सांगतो" असं लिहा, आणि सातला काहीच कळलेलं नसलं तरी फळ्यापाशी जाऊन तेवढं सांगा. आमच्याकडे खरा फरक या सातच्या वेळेने पडला.

हे काही आजचं नाही. 1896 मध्ये मुंबईतल्या मांडवीत प्लेग सापडला तेव्हाही लोक आजारी माणूस लपवायचे, कारण एकदा नेला की परत येत नाही असंच वाटायचं, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर, म्हणजे आजच्या कस्तुरबावर, हल्ला केला. पुढे ज्ञातीज्ञातींची स्वतःची प्लेग हॉस्पिटलं निघाली, तिथे आपल्या माणसांच्या देखरेखीखाली पेशंट ठेवायला लोक जास्त तयार झाले. आजार तोच होता, पण सांभाळणारे ओळखीचे होते.

त्यामुळे सांगणारा माणूस नीट निवडा. अनोळखी माणूस पीपीई किट घालून दारात उभा राहिला की दार लागतं. धारावीत 2020 मध्ये तिथल्याच प्रायव्हेट डॉक्टरांना सोबत घेऊन तपासणी झाली, ज्यांच्याकडे लोक एरवी पण खोकल्याचं औषध घ्यायला जातात. तुमच्या नाक्यावरचे डॉक्टर, पोलिओचे डोस घेऊन वर्षानुवर्षं येणारी आरोग्यसेविका ताई, यांना पुढे करा. आणि बायकांशी बायकांनीच बोलायचं, हे मी आग्रहाने सांगतो, कारण घरात ताप कोणाला आहे ते पहिलं त्यांनाच माहीत असतं.

दुसरं, जमेल तेवढंच मागा. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं असताना सहा फूट अंतर ठेवा म्हणणं म्हणजे त्यांना खोटं बोलायला लावणं आहे. त्यापेक्षा संडासाच्या वेळा मजल्याप्रमाणे ठरवा, कडी आणि नळ दिवसातून किती वेळा पुसणार आणि कोण पुसणार ते ठरवा, बाहेर साबण बांधून ठेवा. दंडावर फार विसंबू नका. कोरोनात मास्क नसला की 200 रुपये दंड होता तेव्हा पालिकेचा दंड घेणारा मार्शल दिसला की हनुवटीवरचा मास्क नाकावर जायचा, तो पुढे गेला की परत खाली.

लस असेल तर पहिली कमिटीवाल्यांनी घ्यायची, सगळ्यांदेखत. प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिनसाहेबांनी पण ती जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःलाच टोचून घेतली होती. आणि लस घेतल्यावर ताप येऊ शकतो, हात दुखू शकतो, हे आधीच सांगा, लपवू नका. 2022 मध्ये गोवंडीत गोवर पसरला तेव्हा नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायचं ठरलं. अशा वेळी रोजंदारीवरच्या आईला प्रश्न असतो की पोराला ताप आला तर उद्या कामावर कशी जाऊ. तिच्यासाठी शनिवारी संध्याकाळचा कॅम्प मागून घ्या, किंवा दुसऱ्या दिवशी पोराला कोण बघणार ते शेजारपाजारी विचारून ठरवून टाका.

अफवा आली तर ग्रुपवर भांडू नका, ज्याने टाकली त्याच्या घरी जाऊन बोला, बहुतेक वेळा तो स्वतः घाबरलेला असतो.

आणि पेशंट बरा होऊन परत येतो त्या दिवशी कमिटीतलं कोणीतरी गेटवर हजर पाहिजेच. त्याच्यासोबत जिना चढा, त्याच्या दारात उभं राहून चहा प्या, मजल्यावरच्या सगळ्यांना दिसू दे. आमच्या काकांच्या बाबतीत आम्ही हे केलं आणि दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरून एक ताई स्वतःहून खाली आल्या, म्हणाल्या, मुलाला कालपासून कणकण आहे, फोन लावता का.