गरवायला निघताय? आधी कोळंबी जिवंत पोचवा

गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाताना रॉड-रीलवर लोक पाच-दहा हजार घालतात, तंगूस (नायलॉनचा दोरा) कितीचा नि गळ कितव्या नंबरचा यावर तासभर बोलतात, आणि आमिष कुठे तर पेंटच्या काळ्या बादलीत, तेही उन्हात, वर झाकण घट्ट. मग दहा वाजेपर्यंत निम्मी कोळंबी पांढरी पडते नि म्हणतात आज पाण्यात मासाच नाही. अरे मासा आहे, पण जिताडा आणि तांबोशी ही मंडळी हलणाऱ्या कोळंबीवर जशी झेपावतात तशी मेलेलीवर झेपावत नाहीत. त्यामुळे माझं सरळ मत, पहिला खर्च बादलीवर करा, रॉड नंतर.

कोकणातल्या खाड्यांवर जास्त करून जिवंत कोळंबी चालते, म्हणून आधी तिचंच सांगतो, गांडूळ आणि बाकीचं पुढे.

आमिष मरतं कशाने ते आधी कळलं की निम्मं काम झालं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. गोडं पाणी २० डिग्रीला असेल तर लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तेच ३० डिग्रीला गेलं की साडेसातच्या आसपास, आणि समुद्राचं खारं पाणी असेल तर ३० डिग्रीला जेमतेम सहा. वर पाणी तापलं की कोळंबीची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात, म्हणजे पुरवठा कमी नि मागणी जास्त. त्यात तिची घाण पाण्यातच साचते, तिचा अमोनिया होतो, तो गरम पाण्यात अजून जास्त बाधतो. थोडक्यात शत्रू तीन: ऊन, गर्दी, आणि तेच तेच पाणी. गोळ्या, औषधं वगैरे जे काय विकतात त्याच्या नादी नंतर लागा, आधी हे तीन सांभाळा.

पाणी कुठलं घ्यायचं? जिथून कोळंबी काढली तिथलंच, दुसरं नाही. खाडीचं खारटपण भरती-ओहोटीला बदलतं, पावसाळ्यात तर वरून गोडं पाणी येऊन फारच बदलतं, आणि कोळंबीला असा अचानक झटका झेपत नाही. नळाचं पाणी तर अजिबात नको, त्यातला क्लोरीन कल्ले जाळतो. (गोड्या पाण्यातल्या आमिषाला नळाचंच वापरायची वेळ आली तर आदल्या दिवशी उघड्या टबात भरून ठेवा, २४ तासांत क्लोरीन बराचसा उडून जातो.) पाग (फेकायचं गोल जाळं) टाकणाऱ्याकडून कोळंबी विकत घेत असाल तर त्याला सांगून दोन कॅन पाणीपण तिथलंच भरून घ्या, एक बादलीत आणि एक बदलायला.

बादली पांढरी किंवा फिकट रंगाची घ्या, काळी उन्हात लगेच तापते. सगळ्यात बेस्ट म्हणजे थर्माकोलचा मासळीवाला बॉक्स किंवा जुना आईसबॉक्स, त्यात पाणी तासन्‌तास थंड राहतं. बादलीच वापरायची असेल तर बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. पण यातली गंमत अशी की ही ट्रिक घाटावर मस्त चालते, एप्रिलमध्ये सोलापूर-नगरकडे हवा एवढी कोरडी असते की गोणपाटावरचं पाणी पटापट उडतं आणि आतलं पाणी माठासारखं गार होतं, कोकणात मात्र हवाच एवढी दमट की पाणी उडतच नाही, त्यामुळे इथे गोणपाटाचा उपयोग फक्त सावलीपुरता. कोकणात थंड करायचं तर बर्फच.

बर्फ सुटा टाकू नका मात्र. तो वितळला की पाणी गोडं होतं, आणि बर्फ कुठल्या पाण्याचा ते देवाला माहीत. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी एकेक बंद बाटली पाण्यात सोडा. तापमान हळूहळू उतरू द्या, एकदम दोन-तीन बाटल्या सोडून ३२ चं २० वर आणलं तर कोळंबी आडवी पडते. २४-२५ च्या आसपास राहिलं की पुष्कळ झालं, तिची धावपळ कमी होते आणि ऑक्सिजनपण कमी लागतो. एक बाटली वितळत आली की दुसरी, एवढं सोपं.

आता हवा. बॅटरीवर चालणारा एअर पंप मिळतो, मत्स्यालयाच्या दुकानात किंवा ऑनलाईन, काही सेलवर चालतात काही यूएसबीवर. त्याला पुढे दगड लावायचा ज्यातून बारीक बुडबुडे येतात, मोठ्या बुडबुड्यांचा आवाजच जास्त. दगड तळाला ठेवा. पंप बादलीच्या बाहेर, पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, नाहीतर बंद पडला की नळीतून पाणी उलटं येऊन पंपच मरतो. जादा सेल खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत. पंप नसेल तर पाणी काढायचा मग आणि तुमचा हात, त्याने पाणी उचलायचं नि हातभर उंचीवरून परत ओतायचं, दर दहा मिनिटांनी आठ-दहा वेळा. कंटाळवाणं आहे पण चालतं.

किती ठेवायची? १० लिटर पाण्यात पंप असेल तर दोन-तीन इंची तीस-एक कोळंबी, पंप नसेल तर दहा-बारा. लोक शंभर कोंबतात आणि तासाभरात शंभर मेलेल्या काढतात. बादलीत जाळ्याचा एखादा धुतलेला तुकडा किंवा चिप्याची (कांदळवनाची) पडलेली फांदी टाका, कोळंबीला धरून बसायला काहीतरी लागतं, आणि कात टाकलेली मऊ कोळंबी असेल तर बाकीच्या तिला खातात, तिला लपायला जागा होते. अर्ध्या-पाऊण तासाने अर्धं पाणी बदला. वर फेस धरायला लागला की समजा उशीर झालाय, लगेच बदला. मेलेली ओळखायला सोपी, काचेसारखं अंग दुधासारखं पांढरं पडतं. दिसली की त्याच क्षणी बाहेर, पण फेकू नका, वेगळ्या डब्यात बर्फावर ठेवा, तुकडे करून शिंगाळा माशाला चालतात.

आणि हात! हे कोणी सांगत नाही. तंबाखू मळलेला हात बादलीत घालू नका, निकोटीन हे कीटकनाशक आहे, आणि कोळंबीसुद्धा किड्यांच्याच घराण्यातली. मच्छरांसाठी लावलेलं ओडोमॉस, उन्हाचं क्रीम, पेट्रोलचा वास, सगळं तेच. खाडीवर संध्याकाळी डास फोडून काढतात हे मान्य, मग हातांना सोडून बाकी अंगाला लावा, किंवा आमिष काढायला चहाची मोठी गाळणी ठेवा, हात बुडवायची गरजच नाही.

जागेवर पोचल्यावर सगळ्यात सोपं म्हणजे आमिष परत खाडीतच ठेवायचं. झाकणवाली बादली घ्या, तापवलेल्या खिळ्याने चारी बाजूंनी आणि तळाला भोकं पाडा, कोळंबी निसटणार नाही एवढीच, वरच्या कडेला थर्माकोलची पट्टी किंवा दोन रिकामे बंद कॅन बांधा म्हणजे तरंगेल. पाणी आपोआप बदलत राहतं, पंप नको, बर्फ नको. गुडघाभर पाण्यात उभे राहून गरवत असाल तर दोरीने कमरेला बांधा, मागे मागे येते. खडकावरून गरवत असाल तर दोरीला ढील ठेवा. मुंबईकडे उधाणाला भरती साडेचार मीटरच्या वर जाते, रत्नागिरी-मालवणकडे त्याहून कमी, पण कुठेही आखूड बांधलेली बादली एकतर ओहोटीला हवेत लटकते नाहीतर भरतीला बुडते. लाटेच्या तोंडावर नको, खडकाच्या आडोशाला बांधा. जाळीची पिशवी वापरणारेही आहेत पण कुर्ल्या (खेकडे) ती कातरतात, मग आमिषही गेलं आणि पिशवीही.

हाताशी असणं यालाही मी तेवढंच महत्त्व देतो. मासा लागायची वेळ आली, भरती-ओहोटीचं पाणी फिरलंय, आणि तुम्ही वीस फुटांवर जाऊन दोन हातांनी झाकण उघडताय, याला काय अर्थ. उजव्या हातात रॉड असेल तर आमिष डाव्या बाजूला, वाकावं लागणार नाही अशा उंचीवर. झाकणाला मधे हात जाईल एवढं भोक पाडा, त्यावर सायकलच्या नाहीतर स्कूटरच्या जुन्या ट्यूबचं रबर ताणून बसवा आणि रबराला अधिकच्या चिन्हासारखी चीर द्या, गाळणी आत जाते, कोळंबी उडी मारून बाहेर येत नाही, ऊनही आत जात नाही. मोठी बादली सारखी सारखी उघडू नका, चार-पाच कोळंब्या छोट्या डब्यात काढून जवळ घ्या, त्या संपल्या की परत चार-पाच. रात्री असाल तर हेडलॅम्प, टॉर्च तोंडात धरून आमिष लावणं बंद करा, आणि बादलीत उजेड पडला की कोळंबीचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात त्यामुळे शोधायलाही सोपं.

गळाला लावताना डोक्यावरच्या काट्याखालून, आत जो काळसर ठिपका दिसतो त्याच्या पुढून गळ घाला. ठिपक्यातून गेला की खेळ खलास. किंवा शेपटीतून लावा, पण मग लांब फेकताना सुटते.

खेकड्यांना उलटं. छोट्या कुर्ल्या आमिषाला नेत असाल तर पाण्याच्या बादलीत ठेवू नका, थोड्याशा साचलेल्या पाण्यात त्या घुसमटून मरतात. ओल्या गोणपाटात, सावलीत, मधून मधून खारं पाणी शिंपडत ठेवा, कल्ले ओले राहिले की दिवसभर टिकतात.

बोय जिवंत ठेवणं हे खरं कौशल्य. सतत पोहणारा मासा, चौकोनी बॉक्समध्ये कोपऱ्यात तोंड आपटतो, म्हणून गोल बादलीच हवी आणि मोठी, २० लिटरला पाच-सहा बस. कोरड्या हाताने धरला की खवलं आणि वरचा चिकट थर निघतो, मग तो वाचत नाही. पंप नसेल तर बोयचा नाद सोडा.

आता घाटावरच्यांसाठी गांडूळ. मरळ, वाम, शिंगाळा, चिलापी, गांडुळाला नाही म्हणणारे कमी. न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, केळीच्या बुंध्यात, जुन्या शेणखताच्या ढिगाखाली मिळतात. गांडूळखत प्रकल्पावर लाल बारीक मिळतात ती पण चालतात, पण टोचल्यावर त्यातून पिवळा वासाचा रस येतो, मला स्वतःला मातीतली जाड आवडतात.

घरी ठेवायला थर्माकोलचा बॉक्स, त्यात बोटांनी दाबल्यावर एखादा थेंब सुटेल इतपत ओलं कोकोपीट, माती आणि वाळलेला पाला. गांडूळ कातडीतून श्वास घेतं, म्हणून कोरडं झालं की मरतं आणि चिखल झाला तरी मरतं. ताजं शेण घालू नका, ते आतून तापतं. खायला चहाचा धुतलेला चोथा, कलिंगडाची साल, भाजीचे देठ, थोडं थोडंच, आधीचं संपल्यावर. लिंबू, मीठ, कालची आमटी अजिबात नाही. मुंग्या येतात म्हणून बॉक्स परातीत पाणी घालून त्यात विटेवर ठेवा. नवीन आणलेली गांडुळं पहिल्या एक-दोन रात्री पळून जायला बघतात, वर एखादा बारीक दिवा चालू ठेवा, उजेडाला ती वर येत नाहीत. फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, आणि घरात त्यावरून जे रामायण होईल ते वेगळंच.

निघायच्या आदल्या दिवशी लागतील तेवढी काढून ओल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यांत ठेवा, पोटातली माती निघून जाते आणि कातडी घट्ट होते, गळावर लगेच तुटत नाही. न्यायला ४ इंची पीव्हीसी पाईपचा वीतभर तुकडा, दोन्ही टोकांना निघणारी झाकणं, सुईने भोकं. गांडुळं नेहमी तळाशी जातात, तुम्ही पाईप उलटा करून तळाचंच झाकण उघडायचं, सगळी वरच हजर, माती उकरत बसायचं नाही. पाईपला पट्टा लावून कमरेला अडकवा.

मरळीसाठी जिवंत बेडूक लावणारे अजून भेटतात. ते करू नका, बेडकांच्या काही जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण आहे, रबरी बेडूक मिळतो आणि मरळ त्यावरही येते. धरणावर जायच्या आधी तिथला मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे आणि गळाला परवानगी आहे का तेही विचारून घ्या, उगाच भांडण नको.

संपल्यावर उरलेली कोळंबी ज्या खाडीतली त्याच खाडीत सोडा. दुसऱ्या तळ्यातून किंवा मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेले छोटे मासे धरणात ओतून मोकळे होऊ नका, उजनीत सकर मासा कसा माजलाय ते तिथल्या मच्छिमारांना विचारा, त्यांची जाळी फाटतात त्याने. बादली, पंपाचा दगड, गाळणी नुसत्या पाण्याने धुवा, साबण नको, त्याचा थर राहतो आणि पुढच्या खेपेला कोळंबी मरते. नंतर सगळं उन्हात कडक वाळवा, आणि पंपातले सेल काढून ठेवा, खाऱ्या हवेने त्यांच्या पट्ट्या गंजतात.