लिनक्सवर साउंड कार्डचा आवाज कसा तपासावा

लिनक्सच्या संगणकातून आवाज येत नसेल, तर ब्राउझरची सेटिंग्ज चाळत बसण्यापेक्षा तपासणी तळापासून करावी. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आवाजाचे काम २.६ या आवृत्तीपासून 'आल्सा' ही प्रणाली पाहते आणि तिची साधने 'आल्सा-युटिल्स' या पॅकेजमध्ये मिळतात. पुढील कमांड अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या आहेत.

प्रथम टर्मिनलमध्ये 'एप्ले -एल' ही कमांड द्यावी, म्हणजे कार्डांची आणि त्यांवरील उपकरणांची क्रमांकांसह यादी दिसते. एकही कार्ड दिसले नाही, तर हीच कमांड आधी 'सुडो' (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारा शब्द) लावून पुन्हा द्यावी. आता यादी आली तर अडचण परवानगीची आहे, तरीही आली नाही तर ड्रायव्हरची.

यादीतील क्रमांक ० पासून सुरू होतात हे ध्यानात ठेवावे. अनेक संगणकांत ० क्रमांकाचे कार्ड एचडीएमआयचे, म्हणजे मॉनिटरच्या जोडणीचे असते, त्यामुळे सगळे काही सुरळीत चाललेले असूनही आवाज मात्र स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे जात राहतो. माझ्या मते सर्वांत आधी संशय घ्यावा तो याच गोष्टीचा.

त्यानंतर 'आल्सामिक्सर' उघडून एफ६ कळीने योग्य कार्ड निवडावे. ज्या पट्टीखाली 'एमएम' दिसते तिचा आवाज बंद असतो. ती निवडून एम ही कळ दाबली की तेथे '००' दिसते आणि आवाज खुला होतो.

आता प्रत्यक्ष चाचणी. हेडफोन असल्यास ते कानाला न लावता 'स्पीकर-टेस्ट -सी २ -टी वेव्ह' ही कमांड द्यावी. 'फ्रंट लेफ्ट' आणि 'फ्रंट राइट' हे शब्द आळीपाळीने त्या त्या बाजूने ऐकू यायला हवेत. '-टी वेव्ह' गाळल्यास नुसता खरखराट ऐकू येतो, ज्यावरून डावे-उजवे ओळखणे कठीण जाते. विशिष्ट कार्ड तपासण्यासाठी याच कमांडला, मोठ्या लिपीतील डी वापरून, '-डी प्लगएचडब्ल्यू:१,०' जोडावे. यातील १ हा कार्डाचा आणि ० हा उपकरणाचा क्रमांक आहे. कंट्रोल-सी दाबल्यावर चाचणी थांबते.

'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असा संदेश आला, तर कार्ड दुसऱ्या प्रोग्रामने, बहुधा पाइपवायर किंवा पल्सऑडिओ या सर्व प्रोग्रामांचा आवाज कार्डाकडे पोहोचवणाऱ्या सेवेने, धरून ठेवलेले असते. त्याचे नाव 'फ्यूझर -व्ही /डेव्ह/एसएनडी/*' या कमांडने कळते. थेट कार्डावर आवाज येतो पण इतर प्रोग्रामांत येत नाही, अशा वेळी 'पाव्हूकंट्रोल' या आवाज-नियंत्रणाच्या प्रोग्राममधील कॉन्फिगरेशनच्या पानावर त्या कार्डाचे प्रोफाइल 'ऑफ' तर नाही ना, हे पाहावे.