ऑफिसला पोचायला नक्की किती वेळ लागतो? स्वतःच्या डेटावरून असं काढा

पुण्यात कर्वेनगरहून हिंजवडीला जायला किती वेळ लागतो असं दोघांना विचारा, एक म्हणेल पाऊण तास, दुसरा म्हणेल दीड तास, आणि दोघंही खरंच सांगतायत, फक्त दोघांना आठवलेला दिवस वेगळा आहे. म्हणून आठवणीवर जाऊ नका, लिहून ठेवा. कॉलेजात शिकलेलं स्टॅटिस्टिक्स इथे खरंच कामाला येतं, आणि मोबाईलवरच्या शीटमध्ये सगळं होतं.

आधी डेटा. गाडी काढली ती वेळ, पार्किंगमध्ये लावली ती वेळ, शिवाय तारीख, वार, रस्ता कुठला घेतला, पाऊस होता का. निदान 20 दिवस, आणि रोज म्हणजे रोज. भूमकर चौकात अडकलो त्या दिवशी वैतागून नोंद केली आणि बाकीचे दिवस राहूनच गेले असं झालं की सॅम्पल तिथेच बिघडलं, पुढे कितीही आकडेमोड केली तरी उत्तर चुकीचंच येणार. गणपतीचे दिवस वेगळे ठेवा. जुन्या नोंदी असतील तर त्या कधीच्या आहेत तेही बघा, चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये पाडला आणि नवा ऑगस्ट 2023 मध्ये सुरू झाला, त्याच्या आधीचे नि नंतरचे आकडे एकत्र करू नका.

मग आकडे चढत्या क्रमाने लावा. समजण्यापुरते 9 दिवस घेऊ, मिनिटांत: 42, 43, 44, 45, 46, 47, 47, 50, 95. सरासरी येते 51. आता नीट बघा, 9 पैकी 8 दिवस तुम्ही 51 मिनिटांच्या आतच पोचलाय! धो धो पावसाच्या त्या एका दिवसाने सरासरी वर ओढली. मधला, म्हणजे पाचवा आकडा 46, हा मीडियन, आणि नेहमीचा दिवस कसा असतो ते हाच सांगतो. तो 95 चुकून पडलेला नाहीये, खरा आहे, त्यामुळे खोडायचा नाही.

स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत त्याचं माप, काढलंत तर 16.7 मिनिटं येतं, 95 बाजूला ठेवून काढलं तर जेमतेम 2.6. एका दिवसाने एवढा फरक! इथे बरेच जण पुस्तकातला नियम लावतात, की सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन डेव्हिएशन धरले की साधारण 95 टक्के दिवस त्यात येतात. लावून बघा, खालचं टोक 18 मिनिटांच्या आत जातं, आणि 18 मिनिटांत कर्वेनगरहून हिंजवडीला कोण पोचतं? तो नियम घंटेच्या आकाराच्या, म्हणजे सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारख्याच पसरलेल्या डेटासाठी आहे, ट्रॅफिकचा डेटा तसा नसतो, रस्ता कितीही मोकळा असला तरी वेळ एका हद्दीखाली जात नाही पण वर मात्र कितीही जाऊ शकतो.

म्हणून निघायची वेळ ठरवायला पर्सेंटाइल वापरा, म्हणजे शंभरातले किती दिवस त्या आकड्याच्या आत येतात ते बघा. 20 दिवसांचे आकडे लावून 18वा बघा, तेवढा वेळ हातात ठेवला तर त्या 20 पैकी जास्तीत जास्त 2 दिवस उशीर झाला असता. रोजच्या मीटिंगला हे पुरे. इंटरव्ह्यू असेल तर सगळ्यात मोठा आकडा धरा.

वारज्याहून हायवे बरा की सेनापती बापट रोडने औंधवरून, हे ठरवायचं असेल तर रोज सकाळी नाणं उडवा आणि छापा-काटा येईल तसा रस्ता घ्या. स्वतः निवडलात तर पाऊस बघून, उशीर झालाय बघून निवडाल आणि मग फरक रस्त्याचा की पावसाचा हे कळणारच नाही. दोन्हीकडचे दहा-दहा दिवस झाले की मीडियन बघा, दोघांत 2 मिनिटांचा फरक आणि एकेका रस्त्यावर रोजची वरखाली 10 मिनिटांची, असं असेल तर तो फरक धरू नका, दहा आकडे चढत्या क्रमाने लावून ज्या रस्त्याचा नववा आकडा लहान तो घ्या.