जुन्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड कसं जोडायचं

कार्ड, पेन ड्राइव्ह वगैरे नंतर बघू, आधी पॉवर सप्लाय. कमोडोर ६४ (आमिगा, अटारी एसटीसारखाच जुना घरगुती कॉम्प्युटर) चा जुना मूळचा सप्लाय असेल तर मल्टीमीटरने ५ व्होल्टची लाइन मोजून घ्या, कारण आतला रेग्युलेटर गेला की व्होल्टेज वर चढतं आणि रॅमच्या चिपा जळतात. ५.२५ च्या वर दिसलं तर तो सप्लाय परत लावू नका, बास.

आता कुठल्या मशीनला काय लावायचं ते जुना ड्राइव्ह कुठल्या पोर्टला लागायचा त्यावर ठरतं.

आमिगा ५०० किंवा अटारी एसटी असेल तर गोटेक घ्या. फ्लॉपी ड्राइव्हएवढाच डबा, मागे तोच ३४ पिनचा कनेक्टर, फक्त पुढे पेन ड्राइव्ह लागतो. त्याच्यासोबत येणारं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) आमिगाला चालत नाही, म्हणून फ्लॅशफ्लॉपी नावाचं दुसरं फर्मवेअर टाकायचं (फुकट आहे), त्यासाठी दोन्ही टोकांना सारखाच मोठा प्लग असलेली यूएसबी केबल लागते आणि फ्लॅश करताना, म्हणजे ते टाकताना, बोर्डवरच्या दोन पिनांवर जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) लावावा लागतो, झालं की तो काढायचा, नाहीतर बसाल बोंबलत. मग आमिगासाठी बोर्डवरच्या एस-झिरो पिनांवर जंपर लावा, पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, एडीएफ फायली (आमिगाच्या फ्लॉपीच्या नकला) टाका, एकेक ८८० केबीची, म्हणजे छोट्या पेन ड्राइव्हवरही ढीगभर मावतात. बटणांनी फाइल निवडायची. तीन आकडी डिस्प्लेवर कुठली डिस्क लागलीये ते काही कळत नाही, छोटा ओलेड स्क्रीन लावलात तर नाव दिसतं, मी तरी त्याशिवाय वापरत नाही. केबल उलटी बसली तर ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेला राहतो, मी एकदा अख्खी संध्याकाळ फर्मवेअरला शिव्या घालत बसलो आणि केबलच उलटी निघाली! कॉपी प्रोटेक्शनवाले गेम साध्या एडीएफमध्ये येत नाहीत, त्यांना एचएफई फाइल लागते.

कमोडोर ६४ ला एसडीटूआयईसी, म्हणजे मेमरी कार्ड घेणारं छोटं उपकरण, सीरियल पोर्टला लावायचं आणि बहुतेकांना वीज कॅसेट पोर्टमधून मिळते. कार्डावर डी६४ फायली (कमोडोरच्या फ्लॉपीच्या नकला) टाका, फाइल ब्राउझर प्रोग्राम टाकून ठेवलात तर कमांड टाइप करायची कटकट नाही. पण कमोडोरच्या खऱ्या १५४१ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये स्वतःचा ६५०२ प्रोसेसर असतो आणि बरेच फास्टलोडर (गेम लवकर लोड करणारे प्रोग्राम) त्याच्यातच आपला कोड चालवतात, एसडीटूआयईसीत तो प्रोसेसरच नाही, त्यामुळे काही गेम अर्ध्यात अडकतात. तसलेच गेम जास्त खेळायचे असतील तर पाय१५४१ बघा, ते रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर अख्खा ड्राइव्हच नकलून दाखवतं.

आमिगा ६०० आणि १२०० मध्ये आत ४४ पिनचं आयडीई (हार्ड डिस्कचा कनेक्टर) असतंच, कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड तीच भाषा बोलतं, साधा अडॅप्टर पुरतो. किकस्टार्ट (आमिगाच्या रॉममधली सिस्टीम) ३.१ असेल तर सगळी पार्टिशनं पहिल्या ४ जीबीच्या आत ठेवा. आणि पार्टिशनच्या सेटिंगमध्ये मॅक्सट्रान्सफर (एका वेळी किती डेटा हलवायचा ते) ०एक्स१एफई०० करायला विसरू नका. हे राहिलं तर छोट्या फायली नीट चालतात, मोठ्या गुपचूप खराब होतात, आणि तुम्ही महिनाभर कार्डाला दोष देत बसता.

जुना ड्राइव्ह फेकू नका, आणि गोटेकसाठी कॉम्प्युटरचा डबा कापू तर अजिबात नका.