हालेआकालाचा सूर्योदय: आधी आरक्षण, मग बाकीचं

हवाईतल्या माउई बेटावर जाऊन हालेआकाला या ज्वालामुखीच्या राष्ट्रीय उद्यानातला, माथ्यावरचा सूर्योदय पाहायचा असेल, तर बाकीचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी सूर्योदयाचं आरक्षण करा. प्रवेशशुल्क वेगळं, हे आरक्षण वेगळं. आम्ही शुल्क भरलं होतं, म्हणून काम झालं असं धरून चाललो. पहाटे साडेतीनला आई-बाबांना उठवलं, काळोखात वळणं घेत सात हजार फुटांवरच्या चौकीपर्यंत पोचलो, आणि रेंजरने गाडी वळवायला सांगितली. आईच्या मांडीवरचा चहाचा थर्मास उघडलाही नव्हता. उजाडलं तेव्हा आम्ही घाट उतरत होतो.

पहाटे ३ ते ७ या वेळेत गाडी आत न्यायची तर गाडीमागे १ डॉलरचं आरक्षण लागतं. २०१७पासूनचा नियम आहे. ते रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावरच होतं, चौकीवर मिळत नाही. ६० दिवस आधी, हवाईच्या सकाळी ७ वाजता नोंदणी उघडते. भारतातून करणार असाल तर तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. गजर लावा. हुकलंच, तर थोड्या जागा दोन दिवस आधी सुटतात. ज्याच्या नावावर आरक्षण आहे तो माणूस फोटो असलेल्या ओळखपत्रासह गाडीत हवाच. मुलाने केलं आणि मुलगा हॉटेलात झोपला, असं चालत नाही.

आता थंडी. माथा ३०५५ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दुप्पट उंचीवर. खाली समुद्रावर घाम येत असतो आणि वर पारा शून्याच्या आसपास उतरतो, शिवाय वारा. स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी, मोजे. ज्येष्ठांनी वर पायऱ्या सावकाश चढाव्यात, हवा विरळ असते. आदल्या दिवशी स्कूबा डायव्हिंग मुळीच नको. पेट्रोल खालीच भरा, खाणंही बरोबर घ्या. उद्यानात दोन्ही मिळत नाही. गाडी हळू चालवा, नेने नावाचे दुर्मीळ हंस रस्त्यावर येतात.

ज्याला सगळे विवर म्हणतात ते खरं तर दोन दऱ्या झिजत जाऊन एकमेकींना भिडल्याने झालेला खोलगट भाग आहे. आतले राखेचे शंकू नंतरच्या उद्रेकांचे. त्यात उतरायचा मोह होतो. स्लायडिंग सँड्सची वाट उतरताना सोपी, पण परत चढायला दुप्पट वेळ धरा. चंदेरी पानांच्या आहिनाहिनाजवळ पाय टाकू नका, तिची मुळं वरवर असतात आणि चेंगरतात. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं.

पाणी, टोपी, सनस्क्रीन, टॉर्च. शुल्कासाठी कार्ड, रोख घेत नाहीत. आणि निघायच्या आदल्या रात्री आरक्षणाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख आणि नाव दोन्ही वाचून.