कमी पैशांतला न्वार कसा बघावा? 'डीटूर'पासून सुरुवात करा

काळोख, गुन्हा आणि त्यात रुतत जाणारा माणूस दाखवणाऱ्या १९४०-५० च्या अमेरिकी सिनेमांना फिल्म न्वार म्हणतात. त्यातले बड्या स्टुडिओंचे सिनेमे कुणालाही चटकन आवडतात. स्वस्तातले मात्र नवख्याला खटकतात. नट अनोळखी, सेट तोकडे, गाडीच्या काचेमागे पळणारा रस्ता उघडउघड सेटमागच्या पडद्यावर दाखवलेला. अशा वेळी 'पैसे नव्हते बिचाऱ्यांकडे' म्हणून सूट देऊ नका. पैसे नव्हते तिथे दिग्दर्शकाने काय केलं, ते शोधा. हे शिकायला १९४५ चा 'डीटूर' सर्वात चांगला.

१. चांगली प्रत मिळवा

या सिनेमाचा कॉपीराइट संपलेला आहे, त्यामुळे इंटरनेटवर त्याच्या ढिगाने प्रती आहेत आणि बऱ्याचशा पुसट, खरखरीत आहेत. २०१८ साली पुनरुज्जीवित केलेली प्रत शोधा. न्वारमध्ये सावलीच्याही छटा असतात आणि खराब प्रतीत त्या सगळ्या एकाच काळ्या डागात जातात. सिनेमा जेमतेम ६८ मिनिटांचा आहे. रात्री, दिवे मालवून, एका बैठकीत बघा. संवाद भरभर आहेत, इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा.

२. आधी एवढंच माहीत असू द्या

दिग्दर्शक एडगर उल्मर व्हिएन्नात वाढलेला. १९३४ मध्ये त्याने युनिव्हर्सलसाठी 'द ब्लॅक कॅट' केला होता. पुढे तो पीआरसी नावाच्या अगदी छोट्या स्टुडिओत आला. 'डीटूर' तिथलाच. न्यूयॉर्कच्या क्लबात पियानो वाजवणारा अल रॉबर्ट्स प्रेयसी सूला भेटायला लिफ्ट मागत लॉस एंजेलिसला निघतो आणि वाटेत त्याला गाडीत घेणारा माणूस मरतो. यापुढची गोष्ट आधी वाचू नका.

३. पहिल्यांदा बघताना फक्त अलचा आवाज ऐका

सगळी गोष्ट अलच सांगतो. मध्ये थांबवू नका, त्याच्याबरोबर वाहत जा. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा मात्र त्याची उलटतपासणी घ्या. गाडीवाला मेला त्या पावसाळी रात्री काय झालं, याला त्याच्याशिवाय साक्षीदार नाही. पडद्यावर दिसलं म्हणजे घडलंच, असं आपण सहसा धरून चालतो. इथे तसं धरू नका. तो सारखा नशिबाला बोल लावतो. असा बोल लावला की दर वेळी विचारा, त्या क्षणी त्याच्यापुढे दुसरा मार्ग होता का? मला तर बहुतेक ठिकाणी तो दिसतो.

४. उणिवा शोधा आणि त्यांच्यापाशी थांबा

खरी मजा इथे आहे, घाई करू नका. अल आणि सू रात्री क्लबातून घरी चालत निघतात ते दृश्य बघा. न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नाहीत. म्हणून पडद्यावर दाट धुकं, मधूनच दिवा, रस्त्याच्या नावाची पाटी. शहर नाहीच! पण दोघं बोलतायत ते लग्नाबद्दल, पुढच्या आयुष्याबद्दल, आणि चार पावलांपुढचं काही दिसत नाही. महागड्या सेटवर हे इतकं नेमकं साधलं असतं असं मला वाटत नाही.

मग ढाब्यासारख्या त्या खाणावळीतला प्रसंग. जुनं गाणं लागतं, भोवतालचा उजेड विझत जातो आणि अलच्या डोळ्यांवर तेवढा प्रकाशाचा पट्टा उरतो. एका दिव्याच्या कामात आपण वर्तमानातून भूतकाळात जातो.

आता एक खूण, जी आपल्याकडच्या प्रेक्षकाच्या नजरेतून हमखास निसटते. लिफ्ट मागण्याच्या काही शॉट्समध्ये गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. आपल्याला ते रोजचंच. अमेरिकेत मात्र नेमकं उलट! नकाशावर न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिस म्हणजे उजवीकडून डावीकडे. प्रवासाची ती दिशा पडद्यावरही टिकावी म्हणून हे शॉट्स आरशासारखे उलटवले, असं मानलं जातं. चूक म्हणून हसण्याआधी पुन्हा बघा. अलचं जग तिथेच उलटं व्हायला लागलेलं असतं.

५. व्हेराकडे नीट लक्ष द्या

सिनेमा मध्यावर आला की व्हेरा (नटी ॲन सॅव्हेज) अलच्या गाडीत येऊन बसते. आधी गप्प, डोळे मिटलेले. मग झटकन मान वळवून थेट प्रश्न. त्या क्षणापासून सिनेमा तिचा होतो. तिला नुसती खलनायिका समजू नका. तिचा खोकला ऐका, दारू पिताना तिच्या आवाजात येणारा एकटेपणा ऐका. तिच्याकडे वेळ फार नाही आणि ते तिला ठाऊक आहे.

६. पाहून झाल्यावरच हे वाचा

शेवटी अलजवळ पोलिसांची गाडी येते. त्या काळी हॉलिवूडच्या सेन्सॉर संहितेनुसार गुन्हेगार मोकळा सुटलेला दाखवता येत नसे. पण उल्मरने ही अटक अशी चित्रित केली आहे की ती खरी, की अलच्या मनातली भीती, हे ठरवता येत नाही.

सिनेमा सहा दिवसांत उरकला, असं उल्मर नंतर सांगत असे. कागदपत्रं तपासणाऱ्या अभ्यासकांना दिवस त्याहून जास्त दिसले. दिवस कितीही लागले असोत, १९९२ मध्ये जतन करण्याजोग्या सिनेमांच्या यादीत, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत, 'डीटूर'ला जागा मिळाली.

आवडला तर पुढे १९५२ चा 'द नॅरो मार्जिन' घ्या. जवळजवळ सगळा सिनेमा रेल्वेगाडीत घडतो आणि त्याला स्वतंत्र पार्श्वसंगीतच नाही. तो बघताना गाडीचे आवाज ऐका.